डांबराचं विरजण

१

आमच्याकडे भाकरी दातानं तोडत नाहीत. हातानं मोडायची, शेंगाचटणीला लावायची आणि तोंडात घालायची, अशी रीत. माझ्या नवऱ्याची तऱ्हा वेगळी होती, कारण त्यांच्या हातांना सदा डांबर. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण लिहायला बसल्यावर लाजून कसं चालेल? त्यांचं नाव शरणप्पा. दुपारी मी कारखान्यावर डबा घेऊन जायची, फडक्यात भाकरी धरून त्यांच्या तोंडापुढे करायची आणि ते सरळ दातानं घास तोडायचे. पुढे घरीही तीच खोड लागली.

त्यांच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. लग्नात माझ्या भावांपुढे मर्दुमकी दाखवायला दातानं सुपारी फोडायला गेले, त्याचं बक्षीस. त्यामुळे तोडलेल्या भाकरीच्या कडेला एक बारीक टोक उभं राहायचं. दहा जणांच्या उष्ट्यातून त्यांची भाकरी मी ओळखली असती. माझाही वरचा डावा सुळा सात रस्ता चौकातल्या डॉक्टरनं काढून टाकलेला. "आपल्या दोघांची मिळून एक बत्तिशी भरत न्हाय," असं म्हणून ते खदखदा हसायचे. म्हणायचे मात्र कन्नडमध्ये. आम्ही दोघंही अक्कलकोटकडचे. घरात कन्नड आणि उंबऱ्याबाहेर मराठी.

दुष्काळ नुकता सरला होता तेव्हाची ही गोष्ट. कारखाना होटगी रस्त्याला, रुळांच्या पलीकडे, एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. मुंबईच्या रिफायनरीत खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाला जो काळा जड गाळ उरतो, तो इथं यायचा. शेडच्या मधोमध दोन मजले उंच लोखंडी भांडं होतं. खाली भट्टी, आणि बुडाशी भोकं पाडलेल्या नळ्या. गाळ तापला की कॉम्प्रेसरनं त्या नळ्यांतून हवा सोडायची. हवा खाऊन खाऊन गाळ घट्ट व्हायचा, त्याचं गच्चीला लावायचं कडक डांबर तयार व्हायचं. सगळी दुपार ते भांडं गदगदत असायचं. मोठ्या पातेल्यात पिठलं रटरटावं तसा तो आवाज, फक्त खालून, जमिनीतून आल्यासारखा.

डांबर उतरलं की नाही ते सांगण्याचं काम यांचं. जिन्यानं वर जायचं, झाकण उघडून लोखंडी सळई आत बुडवायची, टोकाला आलेला थेंब पाण्याच्या बादलीत थंड करायचा, बोटांत त्याची गोळी वळायची आणि दाताखाली धरायची. कच्चं असेल तर दाताला चिकटतं, करपलं असेल तर भुगा होतो. बरोबर उतरलं असेल तर दातांचा ठसा स्वच्छ उमटतो. अशी ठशाची गोळी खिडकीत ठेवायची आणि मग भट्टी विझवायची. खिडकीत गोळ्यांची रांगच लागलेली असायची. प्रत्येकीवर ते बारीक टोक.

"दिवसभर डांबर चघळता, मग माझी चटणी कशी गोड लागेल?" मी म्हणायची.

"तुजी चटनी हाय म्हनून तर डांबर गोड लागतंय की," असं ते सगळ्यांदेखत मराठीत म्हणायचे, आणि मी लाजेनं लाल व्हायची.

२

त्या दुपारी ऊन असं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. मी जिन्याच्या पायथ्याशी डबा घेऊन उभी होते. यांनी सळई काढली, बादलीत बुडवली, थेंब चिमटीत घेतला आणि थांबले. तोंडाकडे गेलेला हात तसाच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

ते खाली आले आणि त्यांनी हात माझ्यापुढे उघडला. गोळी अजून ओली होती. तिच्यावर दातांचा ठसा होता आणि ठशात ते बारीक टोक होतं.

"चावलात की मग," मी म्हटलं.

"न्हाय. अजून तोंडात घातलीच न्हाय."

कुंडलिक म्हणजे तिथला मुकादम, सांगोल्याकडचा, जाडजूड आणि हसरा माणूस. त्यानं गोळी उन्हात धरून फिरवली. "अवो, जुनी गोळी पडली आसंल भांड्यात. तीच आली सळईला चिकटून. ह्यात काय येवढं?"

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. उकळत्या डांबरात पडलेली गोळी गोळी म्हणून कशी राहील, हा प्रश्न मला रस्त्यात सुचला आणि मी तो रस्त्यातच सोडून दिला. पण यांनी त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली. "कोन चाखतंय आतनं?" असं एकदा पुटपुटले, तेवढंच.

त्यानंतर सळईला थेंब यायचा तो ठसा घेऊनच यायचा. एकदा तर गोळीवर यांच्या अंगठ्याच्या रेषाही होत्या. त्यांनी बोट लावायच्या आधी.

३

घरी पहिल्यांदा मला काय खटकलं असेल, तर शांतता. हात धुताना हे काहीतरी गुणगुणायचे, मला टोमणा मारायचे. ते बंद झालं. मी कन्नडमध्ये पाणी तापलंय म्हणायची, तर माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मग मराठीत सांगितलं की उठायचे. थकले असतील, उन्हानं डोकं जड झालं असेल, अशी मी मनाची समजूत घालायची. माणूस आपल्या मायबोलीला कसा विसरेल? असं कुठं असतं का?

एका सकाळी न्याहारीला भाकरी वाढली. त्यांनी घास तोडला आणि उरलेली ताटात ठेवली. मी चुलीपुढून सहज बघितलं. कड सरळ होती. टोक नव्हतं.

मी भाकरी उचलली, दारात उजेडाला धरली. सगळे दात ओळीनं उमटलेले होते, शाळेच्या पट्टीनं आखल्यासारखे.

"आ करा बघू," मी म्हटलं.

"कशाला?"

"करा म्हणते ना!"

त्यांनी आ केला. उडालेला कोपरा काळ्या डांबरानं भरलेला होता, दाताच्या आकारात, अगदी नेमका. एवढंच होय! मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले. दिवसभर चघळायचं म्हटल्यावर खाचेत साठणारच की. मी आगकाडी घेतली आणि ते कोरून काढायला गेले. काडी आत रुतली. मी ती ओढली, तर आतून कुणीतरी ती धरली. क्षणभरच, लहान मूल बोट धरतं तशी. मग सोडली.

ते आ करून तसेच बसले होते. डोळे माझ्यावर होते, पण त्यांत ना वेदना ना हसू.

"दाक्षा, लई येळ लागला की," ते म्हणाले. मला ते कधीच दाक्षा म्हणत नसत. घरात माझं एक कन्नड लाडाचं नाव होतं. दाक्षा म्हणून मी कारखान्यातल्या लोकांना माहीत होते.

त्या दिवसापासून घरी येणाऱ्या माणसाला मी मनात 'ते' म्हणणं सोडलं. त्याला मी 'तो' म्हणू लागले. माझे 'ते' कुठं होते, हे मला कळलं होतं, आणि कळून काय करायचं ते कळत नव्हतं. हात जोडून सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसले, रडले. कुणाला सांगणार? नवऱ्याचा दात भरून आला म्हणून रडणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील?

४

वीजकपातीचे दिवस होते. त्या दुपारी मी कारखान्यावर पोचले आणि वीज गेली. कॉम्प्रेसर आचके देत थांबला. कुंडलिक आणि बाकीचे बाहेर लिंबाच्या सावलीला बिडी ओढायला गेले. तोही त्यांच्यात होता, बिडी न ओढता.

शेडमध्ये मी एकटी. हवा बंद झाली होती, तरी भांडं गदगदत होतं.

गरम आहे, थोडा वेळ उकळणारच, मी स्वतःला म्हटलं. पण उकळीला ताल नसतो. हे थांबत होतं, मग येत होतं. माणूस धापा टाकताना मधे आवंढा गिळतो तसं.

मी जिना चढले. झाकण उघडलं. वाफेनं डोळे चुरचुरले, पदर तोंडाला लावून मी वाकले. आत काळोख होता आणि त्या काळोखाची साय हलत होती. मी त्यांना हाक मारली. रोज दुपारी मारायची तीच, आमच्या भाषेत: "बर्री, ऊटा माड्री." या, जेवा.

आवाज थांबला.

सगळं भांडं गप्प झालं. एवढं मोठं लोखंड ऐकत होतं. खरं सांगते, भीती नव्हती वाटत. आनंद होत होता. ते ओळखतायत मला!

मी चतकोर भाकरी सळईच्या टोकाला खोचली आणि आत सोडली. जळून कोळसा व्हायला हवी होती. मी वर ओढली तेव्हा ती नुसती कोमट होती. घास तोडलेला होता आणि कडेला बारीक टोक होतं.

मी ती भाकरी छातीशी धरली आणि हंबरडा फोडला. कुंडलिक धावत आला, त्यानं मला दंडाला धरून खाली आणलं. "वैनी, याड लागलं का काय? झाकनाशी वाकताय! येक भोवळ आली आसती तर?"

"कुंडलिकभाऊ, ते आत आहेत. आग नका लावू. तुमच्या पाया पडते."

"कोन आत हाय?"

मी भाकरी दाखवली. त्यानं ती बघितली, मग दारात उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं. कुंडलिकाचं हसू जरा सुकलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "शरनप्पा, घरला ने बाबा वैनीला. ऊन बादलंय."

"भट्टी पेटवा," दारातला तो म्हणाला. "उतरत आलंय."

५

दुसऱ्या दिवशी भांडं रिकामं करायचं ठरलं. मी सकाळीच जाऊन तोटीपुढे बसले. आधी लोक हसले, मग चिडले. शेवटी कुंडलिक माझ्यापुढे उकिडवा बसला.

"वैनी, ऐका माजं. भांडं कदी पुरतं मोकळं करीतच न्हाय आमी. नळ्या झाकल्या राहतील येवढं बुडाला ठिवतो, त्यावर नवा माल. दह्याला इरजान ठिवतात की न्हाय तुमी, तसंच हे. कारखाना निघाल्यापासनं बुडाचं जुनंच हाय."

तो मला धीर द्यायला सांगत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. कारखाना निघाल्यापासनं. मग यांच्या आधी गोळी चावायला कोण होतं? मी विचारलं.

"म्हिपती व्हता, मंगळवेड्याचा," कुंडलिक म्हणाला आणि उठला. "चांगला व्हता. पन शेवटाला लई गप झाला. गावाकडं हाय. जिता हाय, खातोय, पितोय." त्यानं दोघांना खूण केली आणि त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं.

तोटी उघडली. काळी जाड धार पिंपांत पडत राहिली. एक पिंप भरलं की सरकवायचं, दुसरं लावायचं. मी त्या धारेत हात शोधत होते, चेहरा शोधत होते. काही दिसलं नाही. ती नुसती डांबराची धार होती, चकचकीत आणि संथ.

पिंपं आवारात उन्हात उघडी ठेवली. लोक जेवायला गेले. ट्रक यायचा होता. कुठल्या पिंपात असतील ते? मी डबा उघडला, भाकरीचे तुकडे केले आणि एकेक पिंपाच्या सायीवर एकेक ठेवत गेले. एक जरी सापडलं तर पदर पसरून मालकांकडून मागून घेईन, डोक्यावर घेऊन अक्कलकोटपर्यंत चालत जाईन, असं ठरवलं होतं. मग शेडच्या सावलीला जाऊन डोळे मिटून बसले.

परत येऊन बघितलं. सगळ्या तुकड्यांचा घास तोडलेला होता आणि सगळ्यांवर तेच बारीक टोक होतं.

काही तुकड्यांवर आणखी एक ठसा होता. जुना, झिजलेल्या दातांचा.

ट्रक आला. पिंपं चढवली. मी मागं धावले, रुळांच्या फाटकापर्यंत धावले. कुठल्या गावाच्या, कुणाच्या गच्चीवर पसरणार होते माझे ते, थोडे इथं, थोडे तिथं? खाली माणसं जेवतील आणि वरून हे ऐकत राहतील. फाटकाशी मी मातीत बसले आणि मला एकच गोष्ट आठवली. बुडाला थोडं ठेवतात. विरजणापुरतं.

६

त्यानंतरही मी डबा नेत राहिले. तो मला अडवत नसे. एका दुपारी मी जिन्याशी उभी असताना तो वरून खाली आला आणि त्यानं हात माझ्यापुढे उघडला. अगदी तसाच, पहिल्या दिवशीसारखा. गोळी ओली होती. यांचा ठसा तिच्यावर होता, पण अर्ध्याच भागावर. अर्धी गोळी कोरी होती.

"तू चावून बग की," तो म्हणाला. "झालंय का."

मला सगळं समजत होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? यांनी याच वाटेनं पाऊल टाकलं होतं. आणि दुसरी वाट मला दिसत नव्हती. भट्टी विझवू शकले नाही, तोटी अडवू शकले नाही, ट्रक थांबवू शकले नाही. घरी जाऊन याच्या ताटात जन्मभर भाकरी वाढायची, की त्यांना एकटं ठेवायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. तुम्ही काय केलं असतं?

मी गोळी तोंडात घेतली. आधी रॉकेलसारखा वास आला, मग काहीच नाही. दात हळूच रुतले. मी काढून बघितलं. यांच्या ठशाशेजारी माझा ठसा उमटला होता, सुळ्याच्या जागी मोकळी जागा. दोघांची मिळून एक बत्तिशी भरली होती. मी हसले आणि रडले. त्यानं गोळी घेतली आणि ती खिडकीत न ठेवता वर जाऊन भांड्यात टाकली.

७

आता मी बरी आहे. कारखान्यावर जावंसं वाटत नाही. तिकडे जायची एवढी ओढ का होती, ते आठवतं, पण एखाद्या शेजारणीची गोष्ट आठवावी तसं. हे सगळं मला आठवतंय, क्रमानं आठवतंय, म्हणजे मी मीच आहे. दुसरं कुणी एवढं कसं लिहील?

भाकरी मी हातानं मोडत नाही आता. काल एक तोडून ताटात ठेवली आणि सहज बघितलं. डावीकडे, सुळ्याच्या जागी, मोकळं काही नव्हतं. दात ओळीनं उमटले होते. खाच भरून येते, एवढंच असेल. जीभ लावली तर तिथं कोमट लागतं.

लहानपण आठवायला गेले की मात्र पंचाईत होते. अक्कलकोटचं घर दिसतं, अंगण दिसतं, आई दिसते. ती काहीतरी बोलते, तोंड हलतं, पण आवाज येत नाही.

आज दुपारी आई आली. ईरम्मा तिचं नाव; तिला मराठी धड येत नाही. कुणीतरी तिला माझ्याबद्दल कळवलं असावं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ बोलत राहिली, विचारत राहिली, डोळे पुसत राहिली. मी बघत राहिले. एक शब्द कळेना. आतल्या खोलीत तो बसला होता, त्यालाही कळत नव्हतं.

आईचं रडणं बघवेना. काहीतरी बोलायला हवं होतं, तिच्या भाषेत, म्हणजे ती शांत होईल. मी खूप आठवलं. त्या भाषेतलं माझ्याकडे एकच वाक्य उरलं होतं, भांड्यावर वाकून, पदर तोंडाला लावून, एकदाच मोठ्यानं म्हटलेलं. ते मी म्हटलं.

"बर्री, ऊटा माड्री."

आईचे हात माझ्या गालांवरून सुटले. ती मागं सरकली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.